घराचं मत

आयुष्यातलं पहिलं मतदान मी तंबूत बसून केलं. एकाहत्तर सालचा मार्च महिना होता. आमची इंजिनिअर्सची फील्ड कंपनी पंजाबात, सरहद्दीपासून थोडी मागं तैनात होती. पीटी झाली, नाश्ता झाला आणि सुभेदार साहेबांनी कंपनी ऑफिससमोर फॉल-इन घेतलं. लोकसभेच्या मतपत्रिका टपालानं आल्या होत्या. साहेब कोरेगावचे. बाकीच्या जवानांशी ते हिंदीत बोलायचे, आम्हा सातारा-सांगलीच्या पोरांशी मराठीत. शिव्या मात्र सगळ्यांना मराठीतच मिळायच्या.

"एकेकानं आत यायचं. कागदावर खूण करायची, पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं. शेजारच्याच्या कागदाकडं बघायचं न्हाई. हितं बडी सिस्टम, जोडीजोडीनं काम, न्हाई."

माझ्या मागं दत्तू होता. दत्तू जगदाळे, लान्सनायक. आमच्याच वाडीचा, आमच्याच भावकीतला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. भरतीला आम्ही एकाच एसटीतून गेलो आणि योगायोगानं एकाच कंपनीत पडलो. त्यानं मतपत्रिका उलटसुलट करून पाहिली.

"शंकर, ह्यातल्या एकालाबी मी वळखत न्हाई की रं."

"ते तरी तुला कुठं वळखत्यात?"

"टॉक बंद!" आतून साहेबांचा आवाज आला.

आमची पाकिटं रवाना झाली आणि थोड्याच दिवसांत रेडिओवर निकाल लागला. आमची मतं मोजणीला वेळेत पोचली का, हे मला आजवर कळलेलं नाही. दत्तूनं साहेबांना विचारायचं धाडस केलं. साहेब म्हणाले, "फायर केल्यावर गोळी कुणाला लागली हे इचारत बसतोस काय?" एवढ्यावर तो विषय संपला.

त्याच वर्षी डिसेंबरात लढाई झाली. तिच्याबद्दल लोक मला खूप विचारतात. सांगण्यासारखं थोडंच आहे. शत्रूनं पेरलेल्या सुरुंगाच्या पट्ट्यातून रणगाड्यांसाठी वाट काढायची, हे आमच्या कंपनीचं काम होतं. जमीन टोचत टोचत पुढं सरकायचं, सुरुंग निकामी करायचा, दोन्ही बाजूंनी पांढरी फीत अंथरत जायचं. दिवस मावळत होता. वायरलेसवर विचारणा झाली.

"लेन किती झाली? ओव्हर."

"निम्मी. ओव्हर."

"रणगाडे खडे आहेत. जलदी करो. आउट."

दत्तू फितीचं रीळ घेऊन माझ्या पुढं होता. तोफेचा गोळा त्याच्यापाशी पडला. फीत मी उचलली आणि पुढं अंथरत गेलो, कारण तोच हुकूम होता. लेन पूर्ण झाली. रणगाडे तिच्यातून सुखरूप पार झाले. त्याच्यापाशी मला नंतर जाता आलं.

जानेवारीत सुट्टी मिळाली तेव्हा त्याच्या सामानाची पेटी मीच वाडीला घेऊन आलो. त्याची बायको, हिरावहिनी, अंगणात उभ्या होत्या. तार आधीच पोचली होती. "पेटी हितं ठिवा, भावजी," एवढंच त्या म्हणाल्या. दत्तूचे वडील खांबाला टेकून बसले होते. मूलबाळ नव्हतं. त्या दिवशी मला त्या अंगणातून पळून जावंसं वाटलं, हे खरं आहे.

पुढं मी हवालदार झालो आणि सत्त्याहत्तर साली पेन्शनवर घरी आलो. आमची वाडी कृष्णेच्या काठाला आहे. बाजार आष्ट्याला, कोर्टकचेरी सांगलीला. वाडीच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला नदी. मूळ गाव नदीपलीकडं. शाळा, चावडी, रेशनचं दुकान, सगळं पलीकडं. नावेतून जायचं, नावेतून यायचं. मला घरी बरं वाटत होतं. पहाटे उठून दाढी करायची सवय काही सुटेना, त्यामुळं बायको म्हणायची, "म्हशीची धार काढाय निघालाय का परेडला?"

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक आली. पलीकडच्या काठावर जीपगाड्यांवरचे कर्णे दिवसभर ओरडायचे. आमच्या वाडीकडं कुणी उमेदवार फिरकला नाही. नावेत जीप बसत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हिरावहिनी आमच्याकडं आल्या. त्यांचे सासरे वर्षापूर्वी वारले होते. दोन एकर ऊस त्या एकट्या बघायच्या. खत टाकायला, पाणी पाजायला कुणापुढं हात पसरायच्या नाहीत. पाण्याची पाळी ठरवायला लोक पारावर बसत तेव्हा मात्र घरटी एक बाप्या माणूस बोलवायची रीत होती आणि वहिनींच्या घरात बाप्या नव्हता. त्यामुळं त्यांची पाळी नेहमी शेवटी लागायची.

"उद्या तुमी जानार न्हवं पल्याड? मत टाकाया?"

"जाणार की."

"आमच्या घराचं मत बुडालं, भावजी. मामंजी हुते तवर ते टाकत हुते. आता कोन टाकनार?"

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू उलगडा झाला. आमच्या वाडीत मत माणसाचं नसायचं, घराचं असायचं. नाव लहान, त्यात एका खेपेला माणसं मोजकी मावायची. म्हणून फार पूर्वी कधीतरी ठरून गेलं होतं की प्रत्येक घरातून कारभारी तेवढा जाईल आणि घराचं मत टाकून येईल. पाण्याची पाळी घरटी, वर्गणी घरटी, तसंच मतही घरटी. ह्यात कुणाचा डाव नव्हता. सगळ्यांची तशी प्रामाणिक समजूत होती. फौजेत राहिल्यामुळं मला ह्याचा पत्ताच नव्हता.

"वहिनी, घराचं मत असं काही नसतं. एकवीस वर्षांच्या वरच्या प्रत्येक माणसाला एक मत. मामंजी टाकायचे ते त्यांचं."

"मग माझं कुनी टाकलं?"

"कुणीच नाही. यादीत तुमचं नाव असणार, पण मत पडलेलं नाही."

तेवढ्यात पिठाच्या हातानं माझी बायको अंजना बाहेर आली.

"आनि माझं?"

"तुझंही नाही."

"थोरलं भावजी तर म्हनायचं, समद्यांचं टाकून आलो."

"दादांनी त्यांचंच टाकलं."

"म्हंजी इतकी वरसं माझं मत हाय, आनि मलाच ठावं न्हाई? फौजेत ऱ्हाऊन तुमी काय शिकला वो? बायकूला येवढं सांगाय हुईना?"

वहिनींनी पदर खोचला आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "भावजी, मला जायाचं हाय. माझं घर मोजत्यात का न्हाई, ते मला बघायचं हाय."

"तुमचं मत उद्या तुमच्याच हातानं पेटीत पडेल," मी म्हणालो. बोलून गेलो आणि शब्द दिला गेला. दत्तूच्या बायकोला दिलेला शब्द होता तो. मोडला असता तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आमच्या वाडीत वायरलेस सेट नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. सकाळपर्यंत प्रत्येक चुलीपाशी बातमी पोचली होती. मी नदीवर गेलो तर तिथं बायकांचा मेळाच जमलेला. ठेवणीतली लुगडी, कपाळभर कुंकू, तान्ही लेकरं काखेत. काही म्हाताऱ्या काठी टेकत आलेल्या. फक्त नाव नव्हती. वरच्या अंगाच्या एका गावात एका उमेदवाराच्या माणसांनी ती सकाळीच नेली होती, आपले मतदार आणायला. नावाडी नावेबरोबर गेला होता आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हता.

पुरुषांचं अडलं नाही. छातीभर पाणी होतं. धोतरं डोक्याला गुंडाळून ते उतरले आणि पलीकडं गेले. बायकांना ते शक्य नव्हतं. पुलावरून वळसा घ्यायचा तर लेकरं आणि म्हाताऱ्यांसह अर्धा दिवस चालायला लागलं असतं. मतदान पाचला बंद होणार होतं.

खडकीला ट्रेनिंगमध्ये आम्ही पिंपांचे तराफे बांधून मुळा नदी ओलांडायचो. वाडीत पिंपं नव्हती. पण वाडीत काहील होती.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस आटवायची लोखंडाची ती अवाढव्य, पसरट, गोल कढई. एका खोलीएवढा तिचा घेर. महापूर आला की आमच्याकडची माणसं काहिलीत बसूनच पलीकडं जातात. वाडीत धड काहील एकच होती, माझे चुलते गणपतीतात्या यांची. फेब्रुवारी म्हणजे गुळाचा ऐन हंगाम. काहील चुलवाणावर होती आणि तिच्यात रस खदखदत होता.

तात्या पहिल्या खेपेलाच, नाव जायच्या आधी, मत टाकून आले होते. मी जाऊन विचारलं. ते माझ्याकडं बघतच राहिले.

"याड लागलंय का रं तुला? रसाला कड आलाय. आता काहील उतरवली तर गूळ न्हाई, काकवी हुईल. आनि तोडलेला ऊस पडलाय त्यो वाळनार. कशापायी? बायकांच्या मतापायी?"

"व्हय, तात्या."

"आरं, समद्या घरांची मतं झाल्यात! मी सवता टाकून आलो न्हवं सकाळी!" आणि त्यांनी शाईचं बोट माझ्यापुढं नाचवलं.

काकी, म्हणजे तात्यांची बायको, चुलवाणात उसाची चिपाडं सारत होत्या. त्यांनी हातातला भारा खाली ठेवला, उठून आल्या आणि तात्यांचं बोट धरून नीट पाहिलं.

"ही शाई तुमच्या बोटाला हाय. माझ्या बोटाची कुठाय?"

"आगं, घराचं..."

"दावा की माझं बोट."

रस ढवळणारा गुळव्या फळी हलवायचा थांबला. तात्या एकदा काहिलीकडं बघायचे, एकदा काकींकडं. काकींनी पुढचं चिपाड चुलवाणात घातलं नाही. मांडी घालून तिथंच बसल्या. जाळ आपोआप खाली बसायला लागला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तात्यांनी असं काही बघितलं नसावं. शेवटी ते गुळव्याला म्हणाले, "काढ रं. काकवी तर काकवी. ही आता उटत न्हाई."

काकवी काढून घेईपर्यंत, लोखंड निवेपर्यंत दुपार झाली. उसाच्या पाल्यानं काहील घाईघाईत पुसली. मतं टाकून परतलेले पुरुष आता कामाला आले. त्यांनी वासे घालून काहील नदीवर नेली. मोटा बंद पडल्यापासून गोठ्यांतून लोंबकळत असलेले नाडे, म्हणजे मोटेचे जाड दोर, मी गोळा केले, एकमेकांना जोडले, दोरांची ताकद आजमावली. एक दोर घेऊन मी पाण्यातून पलीकडं गेलो आणि तो दोन्ही काठांवर बाभळींना बांधला. हा बायकांनी धरायचा, आधाराचा दोर. दुसरा दोर काहिलीला, पलीकडच्या माणसांनी ओढायला. तिसरा अलीकडच्या माणसांच्या हातात, काहील परत आणायला. मी स्वतः पाण्यात, काहिलीचा काठ धरून. गोल भांडं पाण्यात गिरकी घेतं, ती थोपवायला कुणीतरी लागतंच.

"पाठ काठाला लावायची, पाय मधी. कुणी उठायचं नाही. कुणी ओरडायचं नाही."

"बोललं तर चालंल?" अंजनानं विचारलं.

"बोला."

"मग जमंल."

पहिली खेप पार झाली. दुसरी झाली. गौरीचा सण असावा तसा गलका चालला होता. म्हाताऱ्या काठावर उतरल्या की मागं वळून नदीला हात जोडत होत्या. मी मनातून खूश होतो. इतकं सरळ ऑपरेशन मी फौजेतसुद्धा फारसं पाहिलं नव्हतं.

शेवटच्या खेपेत काकी, अंजना, हिरावहिनी आणि आणखी काही जणी बसल्या. वहिनी मुद्दाम मागं राहिल्या होत्या, म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या आधी जाव्यात म्हणून. निघायला साडेतीन वाजले.

घाईत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. काहील पुसली होती, धुतली नव्हती. तिच्या पोटाला काकवीचा थर तसाच होता. त्यावर पाण्याचे शिंतोडे पडले, उन्हानं तो पाझरला आणि गुऱ्हाळावर घोंगावणाऱ्या मधमाश्या आपला माल शोधत नदीवर आल्या. काकी तर दिवसभर काकवीतच वावरलेल्या. त्यांचं लुगडं गोड झालं होतं. नदीच्या मध्यावर पहिली माशी त्यांच्या गालावर बसली.

काकी उठून उभ्या राहिल्या.

काहील एका अंगाला कलंडली. बुळबुळीत लोखंडावरून बायका घसरून एकमेकींच्या अंगावर गेल्या. काठावरून पाणी आत आलं. आधाराचा दोर बायकांच्या हातातून निसटला. अलीकडच्या माणसांच्या हातातला दोर हिसक्यानं सुटला आणि काहील गिरकी घेत खालच्या अंगाला निघाली. खाली डोह होता. त्यात नावाड्याचा बांबूही तळाला टेकत नाही.

"सिट डाऊन!" मी ओरडलो. "सिट डाऊन! हिलो मत!"

सतरा वर्षांची सवय. ऐन वेळी हुकूम तोंडातून इंग्रजी-हिंदीत गेला. काहिलीतल्या एकीलाही तो कळला नाही. दोघी रडायला लागल्या. काकी माश्या वारत उभ्याच होत्या.

"बसा गं खाली! हाय तितं बसा!" हा आवाज हिरावहिनींचा. त्यांनी एका हातानं काकींचा पदर ओढून त्यांना खाली बसवलं. दुसऱ्या हातात पलीकडच्या माणसांचा दोर होता. काहिलीच्या कडीतून तो सुटत चालला होता आणि वहिनींनी त्याचं टोक पकडलं होतं. त्यांनी ते मनगटाला गुंडाळलं, पाय काठाला रोवले आणि मागं रेलल्या.

"वढा!" त्या पलीकडं बघून ओरडल्या. "वढा की रं, बघताय काय!"

मी काठाला धरून पाय मारत होतो. माझा फारसा उपयोग होत नव्हता, हे सांगून टाकतो. पलीकडच्यांनी जीव लावून ओढलं. काहील अर्धी भरलेली, जड, पण बायका आता दगडासारख्या बसून होत्या. ती हळूहळू धारेतून आडवी सरकली आणि डोहाच्या तोंडाशी, चिखलात, उसाच्या बांधाला जाऊन लागली.

मी मोजणी केली. सगळ्या होत्या. काकींचा गाल सुजला होता. अंजनाचं पायतण नदीला गेलं होतं. वहिनींच्या मनगटावरून कातडं सोलवटलं होतं.

"लई लागलं का, वहिनी?"

"मागनं बघू. किती वाजलं?"

सव्वाचार झाले होते. चिखल तुडवत, उसातून वाट काढत आम्ही शाळेकडं निघालो. अंगाला ओली लुगडी चिकटलेली, त्यांना काकवीचा वास. चार-दोन माश्या अजून काकींच्या मागावर होत्या.

शाळेत केंद्राध्यक्ष म्हणून माधवनगरचे एक मास्तर आले होते. दिवसभर निवांत गेलेला. अशात वाडीच्या बायकांनी व्हरांडा भरून गेला आणि आता ही ओली पलटण दारात आली.

"ह्या कोण?"

"मतदार, साहेब."

"सगळ्या?"

"सगळ्या. यादी बघा."

मास्तरांनी यादी बघितली, चष्मा पुसला, परत बघितली. "ह्या पानावर आजवर एवढ्या खुणा कधी झाल्याच नसतील," ते म्हणाले. "रांग लावा. बायका इकडं, पुरुष तिकडं." पुढच्या निवडणुकीला आमच्या वाडीत वेगळं केंद्र झालं. त्याचं कारण काय, हे मी कुणाला विचारायला गेलो नाही. मला माहीत होतं.

पाच वाजले तेव्हा रांग दारापर्यंत होती. नियम असा की ठरल्या वेळी रांगेत जे उभे असतील त्यांना आकडे घातलेल्या चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढं यायचं, म्हणजे मागून नवीन कुणी घुसू नये. बायकांच्या रांगेत सगळ्यात शेवटी हिरावहिनी होत्या. एक नंबरची चिठ्ठी त्यांना मिळाली. पुरुषांच्या रांगेत शेवटी मी.

आतल्या खोलीत पहिली अडचण काकींपाशी आली.

"नाव?"

"सोनाबाई."

"पतीचं नाव?"

काकींनी मान फिरवली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? आमच्याकडं ती रीत नाही. मास्तरांनी परत विचारलं. मग काकींच्या मागून अंजना म्हणाली, "गनपती बाळा जगदाळे." अंजनाची पाळी आली तेव्हा माझं नाव तिच्या मागं उभ्या असलेल्या माझ्या भावजयीनं सांगितलं. असं करत रांग पुढं सरकू लागली. पुढचीच्या नवऱ्याचं नाव मागचीनं सांगायचं. थोड्या वेळानं मास्तरांनाही सवय झाली. ते नाव समोरच्या बाईला विचारायचे आणि नवऱ्याच्या नावासाठी थेट मागचीकडं बघायचे.

माझी पाळी आली. बोटाला शाई लागली. मतपत्रिका घेऊन मी पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेलो, शिक्का मारला, घडी घातली आणि पेटीत टाकली. कागद आत पडल्याचा बारीक आवाज आला. मला फार बरं वाटलं. टपालातून मत देताना हा आवाज येत नाही. दत्तूला हा आवाज ऐकायला मिळायला हवा होता, असं वाटलं.

मी बाहेर पडून उंबऱ्याशी थांबलो. खोलीत आता हिरावहिनी एकट्या राहिल्या होत्या.

"नाव?"

"हिराबाई."

"पतीचं नाव?" मास्तरांनी सवयीनं वहिनींच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग त्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं. "हवालदार, तुम्ही सांगा."

मी तोंड उघडलं.

"थांबा, भावजी," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. बाहेरच्या बायका खिडकीशी आल्या होत्या.

"दत्तू," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, "दत्तू रामा जगदाळे. लान्सनायक."

मास्तरांचं बोट यादीवरून खाली सरकलं. "हं. आहे," ते म्हणाले. "बोट पुढं करा."

वहिनींनी हात पुढं केला. सोलवटलेल्या मनगटाकडं पाहून शाईवाला कारकून जरा थबकला, मग त्यानं जपून बोटाला शाई लावली. वहिनी आडोशामागं गेल्या, आल्या, पेटीत कागद टाकला आणि पेटीकडं क्षणभर बघत उभ्या राहिल्या.

नदीकडं परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. बायका पुढं चालल्या होत्या, एकमेकींची बोटं बघत, हसत. काकींचा सुजलेला गाल हा आता चेष्टेचा विषय झाला होता. वहिनी माझ्याबरोबर मागं चालत होत्या.

"भावजी, धन्याचं नाव घेतलं की त्येंचं आयुष्य घटतं म्हनायच्या सासूबाई. लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच. मग कवाबी घेतलं न्हाई. ते फौजेत, लांब मुलखात. म्हून तर अजाबात न्हाई. झोपंतबी येऊ दिलं न्हाई तोंडात."

मी पावलं सावकाश टाकली.

"लय जपलं वो मी ते नाव," त्या म्हणाल्या. "काय उपेग झाला न्हाई. आता रोज घेनार."

काठाशी, नदी उतरून आलेल्या तात्यांनी काहील वर ओढून आणून स्वच्छ धुऊन ठेवली होती. बसायच्या आधी, सगळ्या बायकांसमोर, वहिनींनी ते नाव आणखी एकदा घेतलं. दत्तू रामा जगदाळे. काठावरच्या पुरुषांनी डोक्यावरचे पटके काढले. मग एकेक बाई काहिलीत बसली, आणि मी दोर धरला.